बेशरमची मुळी

साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा होती. दोन शिक्षक, चार वर्ग आणि एक जाडजूड उपक्रम-नोंदवही. ही वही सरांची फार लाडकी. योगदिन, वृक्षदिंडी, बालआनंद मेळावा, पवनीची सहल, प्रत्येकाचा फोटो चिकटवलेला आणि खाली सुवाच्य अक्षरात तारीख, उपस्थिती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दप्तर घरी ठेवायच्या दिवशी, सरांनी मुलांची रांग गावतलावावर नेली. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. कोहळी समाजानं सिमेंट-लोखंडाशिवाय, मातीची पाळ घालून बांधलेला. त्याच्या पाण्यावर खालच्या बांध्यांमध्ये धान पिकायचं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षी गाळ काढायला, पाळीवर माती टाकायला जमणारं गाव हळूहळू घरी बसलं. काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तिला अडवणारंही कोणी नाही.

दोन पालकांनी कोयत्यानं झुडपं छाटली. मुलांनी ती ओढून बाजूच्या चिखलात टाकली. तासाभरात काठ मोकळा! ‘तलाव स्वच्छता अभियान’ असा फलक धरून सगळे ओळीनं उभे राहिले, फोटो निघाला.

पाळीवर एक ढिवर आजी जाळं सांधत बसली होती. ती म्हणाली, “सर, मुऱ्या राह्यल्या जी.”

“पुढच्या वेळी बघू, आजी. आज फोटो पाठवायचा आहे, अन् खिचडीची वेळ झाली.”

फोटोचं तालुक्याला कौतुक झालं. वहीचं एक पान भरलं.

वर्ष गेलं. पुन्हा फेब्रुवारी आला. सर म्हणाले, “मागच्या वर्षीचाच फलक काढा. साल तेवढं बदला.” रांग तलावावर पोचली आणि पुढची मुलं थबकली. मागचे मागून विचारू लागले, काय झालं? चौथीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मागच्या वर्षी इथून पाणी दिसत होतं.”

आता दिसत नव्हतं. छाटलेले बुंधे फुटले होतेच. पण चिखलात टाकलेली कांडीन् कांडीही रुजून वर आली होती. जिथं एक झुडूप होतं तिथं रान झालं होतं, आणि ते मुलांनीच आपल्या हातांनी लावलं होतं.

सरांनी फलक गुंडाळला. चपला काढून ते आजीजवळ पाळीवर जाऊन बसले. “आजी, कसं करायचं, तुम्हीच सांगा.”

आजीनं जाळं खाली ठेवलं. ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीनं काही तलावांत बेशरम काढायचं काम केलं होतं, ते तिनं जवळून पाहिलं होतं. “हे कांडीतून फुटते, पोट्टेहो. मुरीसकट काहाडा. चिखलात टाकू नका, वर पारीवर नेऊन वारवा. अन् मोकळी जागा तशीच ठेवू नका, नाहीतर हेच परत येते.”

त्या दिवशी दुपारपर्यंत शाळेच्या व्हरांड्याएवढीच जागा मोकळी झाली. मुळं खोल होती. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात, त्यामुळे मोबाइल कोणी हातात धरलाच नाही. पुढचा शनिवार तिथंच गेला. त्याच्या पुढचाही. पाऊस पडल्यावर आजीनं शेजारच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, कमळाचे कंद आणि शिंगाड्याचे वेल आणून दिले. मुलांनी ते त्या व्हरांड्याएवढ्या जागेत लावले.

श्रावणात ती मुलगी धावत शाळेत आली. आता ती पाचवीला, दुसऱ्या गावच्या शाळेत जात होती, पण बातमी इथंच सांगायची होती. “सर, मरळीची पिल्लं! कमळाच्या पानांखाली हा एवढा थवा! अन् त्यांचे मायबाप राखण करत होते!”

सरांनी वही उघडली. त्या उपक्रमाच्या पानावर फोटो नव्हताच. फेब्रुवारीत लिहिलेली एवढीच नोंद होती : ‘काम अपूर्ण. पुढच्या शनिवारी चालू.’ सरांनी ती खोडली नाही. तिच्याखाली त्या दिवशीची तारीख घातली आणि लिहिलं : ‘मरळीची पिल्लं दिसली. काम अजून अपूर्ण. चालू.’

बोध : बेशरम वरवर छाटली तर दुप्पट फुटते. दाखवण्यापुरतं केलेलं कामही तसंच, पुढच्या वर्षी दुप्पट होऊन पुढ्यात उभं राहतं. थोडंच करा, पण मुळीसकट करा.