मी अभ्यास केलो

स्पॅनिशमधल्या नियमित क्रियापदांचा भूतकाळ शिकताना एक गोष्ट लवकर लक्षात येते. क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो. ‘आब्ले’ म्हणजे मी बोललो, ‘आब्लास्ते’ म्हणजे तू बोललास, ‘आब्लो’ म्हणजे तो किंवा ती. खाण्याचंही तसंच. ‘कोमी’ म्हणजे मी खाल्लं. मग खाल्लेला भात असो, भाकर असो की आंबे, ‘कोमी’ बदलत नाही.

प्रमाण मराठी इथे वेगळ्या वाटेने जाते. मी भात खाल्ला, भाकर खाल्ली, आंबे खाल्ले. खाणारा एकच, पण क्रियापद कर्मामागे फिरतं. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मात्र मुलगा सहज सांगतो, “सर, मी अभ्यास केलो.” शहरातल्या वर्गात या वाक्याला हशा पिकतो, आणि पुढच्या वेळी उत्तर येत असूनही तो हात वर करत नाही.

हसण्याआधी थोडं थांबून पाहावं. ‘मी धडा शिकलो’, ‘ती पाणी प्याली’ ही वाक्यं प्रमाण मराठीतही शुद्धच आहेत. तिथे कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याचं ऐकतं. झाडीपट्टीची बोली, म्हणजे झाडीबोली, बोलणारा मुलगा तोच नियम ‘करणे’ या क्रियापदालाही लावतो. याच जंगलपट्टीतल्या गोंडी आणि माडिया भाषांतही भूतकाळाचं क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. तिकडे लातूर-सोलापूरच्या बाजूलाही ‘मी काम केलो’ ऐकू येतं. इतक्या माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या रूपाला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. त्यामागे नियम आहे.

प्रमाण रूप मुलांना शिकवायलाच हवं. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत ते लागतं. पण ते घरची बोली पुसून शिकवण्याची गरज नाही. ‘अभ्यास केलो’ आणि ‘अभ्यास केला’ ही दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी लिहावीत आणि मुलांनाच विचारावं, कुठलं क्रियापद कोणाच्या मागे चाललंय? व्याकरण तिथेच उलगडेल. परदेशी भाषेचा नियम आपण आदराने पाठ करतो. तेवढाच आदर आपल्याच जिल्ह्यातल्या मुलाच्या बोलीला मिळाला, तर तो दोन्ही मराठी मोकळेपणाने बोलेल.