ग्राहकाचे मौन

पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या वादनावर वाढलेल्या पिढीची अ‍ॅकॉर्डियने आता विक्रीस येऊ लागली आहेत. असे वाद्य पारखताना पट्टे सोडून, एकही पट्टी न दाबता भाता लोंबू द्यावा. तो झरझर उतरला तर हवा गळते. मग ४१ पट्ट्यांपैकी प्रत्येक दोनदा वाजवावी, कारण भाता उघडताना एक रीड बोलते, मिटताना दुसरी. आमच्या सिल्वासाच्या दमट पावसाळ्यात रीड गंजतात, भात्याला बुरशी धरते. हे दोष आपण तत्परतेने बोलून दाखवतो आणि भाव पाडतो. परंतु आत इटलीतील कास्तेलफिदार्दोच्या हातघडणीच्या रीड निरोगी आढळल्या, आणि विकणारे कुटुंब त्या वाद्याला अडगळ समजत असले, तर?

इ. स. पू. ४४ मध्ये सिसेरोने ऱ्होड्सच्या धान्यव्यापाऱ्याच्या निमित्ताने हाच प्रश्न मांडला होता: मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने दुष्काळपीडित ग्राहकांना सांगावे की नाही? तेथे मौन विक्रेत्याचे होते, येथे ते ग्राहकाचे आहे. पारख आम्ही कष्टाने कमावली, तिचा लाभ का घेऊ नये, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. पण ज्या पारखीने दोष सांगितले, तिनेच गुणांपाशी गप्प बसावे, हे आम्हांस पटत नाही. दोन्ही सांगून मग घासाघीस खुशाल करावी. दुरुस्तीचा खर्च काही थोडा नसतो.