नळ फुटतो कुठे?

कारणे द्या : थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. शाळेत आपण सगळ्यांनीच याचं एका ओळीचं उत्तर लिहून गुण पदरात पाडून घेतले आहेत. पाणी गोठताना प्रसरण पावतं, म्हणून. उत्तर चुकीचं नाही. पण श्रीनगरातल्या एखाद्या मुरलेल्या प्लंबरला ते ऐकवलं तर तो उलट विचारेल, बर्फ धरला बाहेरच्या भिंतीत आणि पाइप फाटला आतल्या मोरीत, तो का?

श्रीनगरात २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो. चाळीस दिवसांची ही सगळ्यात कडक थंडी. तिच्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. २०२४ च्या डिसेंबरात तिथला पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला होता. या दिवसांत फेरनच्या, म्हणजे सैल काश्मिरी झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून माणसं उठतात ती आधी नळाकडे जातात. कुणी किटलीतलं कढत पाणी ओततं, कुणी जुनं वर्तमानपत्र पेटवून पाइपखाली धरतं. शेजारीपाजारी चौकशी असते ती पाणी आलं का याची नव्हे, सुटलं का याची.

बर्फ पडतो त्या रात्री नळ बहुधा वाचतात, हे पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं. ढग जमिनीवर गोधडीसारखे पसरलेले असतात, खालची ऊब अडवून धरतात. घात करते ती निरभ्र, वारा पडलेली रात्र. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाचे फोटो दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत येतात, तेही अशाच रात्रीनंतर. हवेचं तापमान शून्याच्या बरंच वर असताना गाड्यांचे टप आणि गवताची पाती उघड्या आभाळाकडे उष्णता सोडत स्वतःपुरती शून्याला टेकतात. पाइपांपर्यंत मात्र ती थंडी पोचत नाही, म्हणून महाबळेश्वरकरांना पहाटे वर्तमानपत्र फक्त वाचायला लागतं.

आता श्रीनगरच्या पाइपच्या आत डोकावू. शून्य अंशाला पाणी गोठतं हे आपण इतकं पक्कं धरून चालतो, की तिथे काय घडतं हे पाहिलं तर नवल वाटेल. बंद पाइपात निश्चल असलेलं पाणी शून्यावर थांबत नाही. ते द्रवरूपातच उणे दोन, उणे तीन, उणे चार असं खाली घसरत राहतं. बर्फाचा पहिला कण धरायला काही तरी निमित्त लागतं, धातूवरचा एखादा ओरखडा किंवा गाळाचा कण. ते मिळालं, की फांद्या फुटत जाणाऱ्या पातळ बर्फाच्या पात्या पाण्यातून सरसर पसरतात आणि पाणी पुन्हा शून्यावर येतं. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्यामुळे उणे चारला पोचलेल्या पाण्यापैकी त्या पहिल्या झटक्यात विसावा हिस्साच गोठतो, आणि एवढ्यानेही नळ बंद पडू शकतो. एकोणीस हिस्से पाणीच असतं, पण पात्यांच्या जाळीत अडकलेलं.

तोवर पाइप शाबूत असतो. पुढचं काम सावकाश चालतं. पाइपच्या भिंतीपासून आत बर्फ जाड होत जातो, मध्ये बूच बसतं आणि ते बूच लांबीने वाढू लागतं. बर्फाला त्याच पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा लागते. (दहावीला होपच्या उपकरणाने शिकवतात ते चार अंशांखालचं प्रसरण यापुढे नगण्य आहे. खरी उडी गोठतानाची.) वाढणारं बूच दोन्हीकडचं पाणी ढकलतं. मुख्य वाहिनीकडचं पाणी मुकाट्याने मागे सरकतं, त्याला वाट आहे. दुसऱ्या बाजूला असतो आपण रात्री घट्ट पिळून बंद केलेला नळ. बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी दाबून दाबलं जात नाही. त्याचा दाब चढत जातो आणि पाइपची जी जागा कच्ची असेल, मग ती बर्फापासून कितीही लांब असो, तिथे लांबट चीर पडते. मोरीतला पाइप फुटतो तो असा. त्याच्यात बर्फाचा कणही नसेल.

या जोराचा अंदाज यावा म्हणून एक जुनी गोष्ट. १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेक इथे एडवर्ड विल्यम्स या ब्रिटिश तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने लोखंडी बॉम्बगोळ्यांत पाणी भरलं, तोंडात लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि गोळे उघड्यावर ठेवून दिले. काही गोळ्यांच्या खुंट्या सुटून उडाल्या, त्यांतली एक सव्वाशे मीटरच्या आसपास गेली. ज्याची खुंटी हलली नाही तो गोळाच उलला आणि भेगेतून बर्फाची पाळ बाहेर आली. म्हणजे तोंड सुटलं तर खुंटीवर निभावतं, नाही सुटलं तर लोखंड जातं. तोफेचा गोळा जिथे टिकत नाही तिथे घरातल्या पाइपची काय कथा.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उष्णतारोधक आवरण नसलेल्या पाइपांवर प्रयोग झाले. बाहेरची हवा उणे ६.७ अंशांच्या आसपास गेली की धोका सुरू होतो, असं त्यातून दिसलं. त्यातही पाइप कुठून नेला आहे याला फार महत्त्व. टेक्साससारख्या उष्ण राज्यात घरं बांधताना काळजी उन्हाळ्याची असते, त्यामुळे पाइप खुशाल माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला उणे १९ अंश झालं, राज्यात ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि घरं आतून गारठली. ह्यूस्टन-डॅलसकडे ज्यांची मुलं-सुना आहेत अशा आपल्याकडच्या घरांतही ते आठवडाभर फोन खणखणत होते. खरा घोळ पुढे झाला. पाइप चिरले होते ते थंडी ऐन भरात असताना, पण तेव्हा बर्फानेच भेगा बुजवून ठेवल्या होत्या. वीज आली, घर उबदार झालं आणि सुटलो म्हणेपर्यंत छतातून पाणी कोसळायला लागलं. ऊब आली तेव्हा बिघडलं, असंच दिसणाऱ्याला दिसणार. चीर दिसते त्या जागेला आणि दिसते त्या वेळेला दोष देण्याची आपली सवय तशी जुनीच आहे.

यावरचा कडक हिवाळ्याच्या गावांतला उपाय मराठी माणसाच्या जिवावर येणारा आहे. रात्री नळ थोडा चालू ठेवायचा. पेन्सिलीतल्या शिशाएवढी धार पुरते. मराठवाड्यात किंवा माणदेशात वाढलेल्या माणसाला ठिबकता नळ दिसला की त्याचा हात आपोआप चावीकडे जातो, आणि त्यात गैर काही नाही. टँकरची वाट पाहिलेला हात आहे तो. मात्र जानेवारीत श्रीनगरला मुक्कामी गेलेला असा पाहुणा निजण्यापूर्वी नळ करकचून बंद करतो तेव्हा तो यजमानाचा पाइप पणाला लावत असतो. वाहतं पाणी जमिनीखालची थोडी ऊब सोबत आणतं, हा एक फायदा. मोठा फायदा हा, की बूच बसलंच तर पुढच्या पाण्याला तोंड उघडं राहतं. म्हणून धार मध्येच थांबली तरी नळ बंद करायचा नाही. सकाळी वितळवताना सुरुवातही नळाच्याच टोकाकडून करायची, नळ उघडा ठेवून, म्हणजे सुटलेलं पाणी आणि वाफ कोंडत नाही. पेटत्या कागदापेक्षा गरम पाण्यात पिळलेलं फडकं बरं.

लेहमध्ये हा खेळ सहसा कोणी खेळत नाही. चादर ट्रेकला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना आठवत असेल, हॉटेलातला चकचकीत नळ कोरडा असतो आणि अंघोळीला बादलीतून गरम पाणी येतं. हिवाळ्यापुरते पाइप रिकामे करून टाकलेले असतात.

श्रीनगरला धार चालू ठेवायची आणि तरी पाणी वाया जातं ही टोचणी राहत असेल, तर खाली बादली ठेवावी, सकाळच्या चहाला ते पाणी होतं. फक्त ती काठोकाठ भरू देऊ नये. बादलीतही वरचा थर आधी गोठतो, आणि खालच्या पाण्याची पुन्हा तीच कोंडी होते.