सावलीची लांबी

आमच्या इमारतीत रविवार हा साठ हजार एककांचा वार. चहा झाला की शेजारचे काका पाकिटातून एक कॅप्सूल काढतात, दुधाबरोबर गिळतात आणि म्हणतात, "झालं, आठवड्याचं ऊन पोटात गेलं." रिपोर्टात त्यांचं ड जीवनसत्त्व अकरा आलं होतं. परवा त्यांनी वेगळंच विचारलं. "डी कमी असलं की हार्टच्या नळ्या ब्लॉक होतात म्हणे. मग ते वाढलं की उघडतील का हो?"

प्रश्न भाबडा नाही. बड्या बड्या संशोधकांनी तोच विचारला आहे. ड जीवनसत्त्व हाडांपुरतं काम करून थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या आणि भिंतींच्या स्नायूंमधल्या पेशीही त्याची हाक ओळखतात. रक्तदाब वाढवणाऱ्या रेनिनला ते आवर घालतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात १,७३९ माणसांची पाच-साडेपाच वर्षांची नोंद तपासली गेली. ज्यांची पातळी १५ नॅनोग्रॅमच्या खाली होती, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी जास्त निघाला. एवढं हाती आल्यावर गोळी देऊन बघणं ओघानंच आलं.

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० एककं दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षांनी हिशेब मांडला, तर हृदयविकाराच्या झटक्यांत आणि पक्षाघातात म्हणण्यासारखा फरक नव्हता. न्यूझीलंडमध्ये ५,११० जणांवर झालेल्या चाचणीतही तेच. यातल्या बहुतेकांना मुळात मोठी कमतरता नव्हती, हे खरं. त्यामुळे अगदी तळाशी असलेल्यांबद्दलचा शेवटचा शब्द अजून बाकी आहे. पण गोळीनं नळ्या उघडतात, या समजुतीला आधार सापडलेला नाही.

मग फ्रॅमिंगहॅमचा आकडा खोटा होता का? नाही. आपण त्याला आरोपी समजलो. तो साक्षीदार असावा. ड जीवनसत्त्व कमी कोणाचं असतं? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं. लठ्ठ माणसाचं, कारण ते चरबीत मुरतं आणि रक्तात कमी उरतं. आजारामुळे घराबाहेर न पडणाऱ्याचं. याच माणसांच्या रक्तवाहिन्याही लवकर कडक होतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असंही इथे नाही. पानं पिवळी पडायला आणि फांदी पोखरायला कीड एकच लागली आहे. पानांना हिरवा रंग दिल्यानं फांदी वाचत नाही.

एडिंबरातले त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर यांनी तर आणखी एक वाट दाखवली. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. यात ड जीवनसत्त्वाचा हात नाही. म्हणजे उन्हाचा गुण आपण कॅप्सूलच्या खात्यावर जमा करत होतो, असंही असेल.

हाडं ठिसूळ झालेल्यांना, उन्हाला पारखं झालेल्या वृद्धांना डॉक्टर ही गोळी देतात, ती घ्यावीच. पण आठवड्याची गोळी कुणी रोज घेऊ लागलं, तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि ते रक्तवाहिन्यांच्याच भिंतींत साचू शकतं. कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे हेच डी-थ्री, भरपूर मात्रेत उंदीर मारायला वापरतात. अति तिथे माती म्हणतात ती अशी.

काका म्हणाले, "पण मी रोज कोवळ्या उन्हात बसतो की!" बसतात, पण बंद गॅलरीत, काचेमागे. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते, आणि कोवळ्या तिरप्या उन्हात ते मुळातच कमी असतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड हवी. लंडनमध्ये डिसेंबरच्या माध्यान्हीही ती माणसाच्या पावणेचार पट लांब पडते. पुण्यात मात्र बाराही महिने ती दुपारी आखूड होते. ऊन आपल्याला सोडून गेलेलं नाही. गच्चीवरची वाळवणं गेली आणि दुपारी वर जायचं कारणच संपलं.

परवाच, ऐन डिसेंबरात, दुपारी साडेबाराला काकांना गच्चीवर नेलं. सावली त्यांच्या उंचीपेक्षा जेमतेम वीतभर कमी भरली. ते पावलं टाकून ती मोजत होते, मध्येच कठड्याला हात टेकून थांबत होते. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा एक जिना चढताना त्यांना दम लागला होता. नव्या रिपोर्टात त्यांचं डी अकराचं पस्तीस झालं आहे. तो दम त्या रिपोर्टात कुठेच नव्हता.