क्षमा कोणाची, तक्रार कोणाची?

कामावर असताना मार खाणाऱ्या परिचारिकेपुढचा नैतिक पेच, म्हणजे कोणतीही वाट धरली तरी एखादे कर्तव्य मोडते अशी स्थिती, कायद्याच्या अभावातून उद्भवत नाही. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० चा आहे. त्यात परिचारिका येतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची असते आणि गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही असा, मानला जातो. पेच सुरू होतो तो त्यापुढे. नाशिकच्या एखाद्या सरकारी रुग्णालयातील दोघींचा, कक्ष सांभाळणाऱ्या परिसेविकेचा आणि परिचर्या शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिकेचा, संवाद त्यासाठी कल्पिता येईल.

परिसेविका : समजा, मॅडम, सुरगाण्याहून जीपने आणलेल्या रुग्णाचा भाऊ रात्री दोन वाजता सलाइन संपलेली पाहून ओरडतो, केसपेपर हिसकावतो आणि अधिपरिचारिकेचे, म्हणजे पाळीवरच्या परिचारिकेचे, मनगट पिरगाळतो. पंधरा मिनिटांनी तिला त्याच हाताने त्याच रुग्णाची शीर शोधायची असते, आणि स्टँड मोडका म्हणून बाटली उंच धरून उभा असतो तोच भाऊ. गुन्हा नोंदवला तर रुग्णापाशी राहणारा एकुलता एक माणूस कोठडीत जातो.

पाठ्यनिर्देशिका : त्याचा राग व्यवस्थेवर होता, तिच्यावर नव्हता, हे मान्य. २१ एप्रिल २०२१ रोजी याच शहरात डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकी सांभाळणे हे परिचारिकेचे काम नव्हे, पण अशा वेळी खाटेशेजारी तीच असते. तरीही, सिस्टर, राग कोणावरचा होता यावरून मनगट कोणाचे दुखले हे बदलत नाही.

परिसेविका : मग तिने समजून घेतले तर बिघडले कुठे?

पाठ्यनिर्देशिका : तिने आपणहून घेतले तर काहीच नाही. पण ‘समजून घ्या’ हे शब्द बहुतेकदा वरिष्ठांकडून येतात, आणि नाही म्हणण्याची सोय नसताना दिलेली क्षमा ही क्षमा नसून आज्ञापालन असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेथील परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांची जी शुश्रूषा केली, तिचे गोडवे सर्वांनी गायले, मात्र हल्ल्यानंतर सुरक्षिततेसाठी परिचारिकांनी केलेला संप फारसा कोणाला आठवत नाही. सोसणाऱ्या परिचारिकेचे कौतुक करणे स्वस्त पडते. शिवाय उद्या नाइटला येणाऱ्या मुलीच्या वतीने आज क्षमा कोण करणार?

परिसेविका : म्हणजे भार पुन्हा त्या एकटीवरच.

पाठ्यनिर्देशिका : म्हणूनच तक्रार संस्थेची हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने आपल्या अखत्यारीतील रुग्णालयांना सूचना दिली, की कामावरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत प्राथमिकी, म्हणजे पोलिसांकडील गुन्ह्याची पहिली नोंद, दाखल करावी. त्यामुळे नोंद संस्थेची राहते आणि क्षमा तिची.

परिसेविका : पण प्रमुखांनी तक्रार केली तरी कोठडीत जाणार तो भाऊच, आणि तिने क्षमा केली आहे हे पोलीस ऐकणार नाहीत.

पाठ्यनिर्देशिकेला हा आक्षेप खोडता आला नाही. गुन्हा नोंदवण्याआधी रुग्णाजवळ दुसऱ्या माणसाची सोय करणे हेही संस्थेचेच काम ठरते, एवढीच पुस्ती तिने जोडली. परिसेविकेने रात्रपाळीचे रिपोर्ट बुक पुढे सरकवले. त्यात सलाइन बदलल्याची वेळ होती, रुग्णाचा रक्तदाब होता, लघवीचे प्रमाण होते. मनगटाचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि पानाच्या तळाशी सही त्याच हाताची होती.