उघडी चावडी

सरकार आणि रयत यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक कपाट उभे होते. जमीन आपली, नावही आपले. पण ते दफ्तरात कसे लिहिले आहे हे पाहायचे तर किल्ली ज्याच्या हाती त्याची मर्जी लागे. कायद्याच्या मनात मात्र असे नव्हते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने सांगूनच ठेवले होते की, फेरफाराची नोंद चावडीत सर्वांना दिसेल अशी लावावी आणि कुणाची हरकत आल्यास ती ऐकावी. परंतु रत्नागिरीकडच्या कित्येक बागांचे निम्मे वारस मुंबईला! चावडीच्या भिंतीवरचा कागद त्यांना गिरगावातून कसा दिसावा?

आज तो दिसतो. मागितल्यावाचूनही माहिती खुली करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ठरविले. आणि आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस घरबसल्या वाचता येते. कपाट उघडले, हे चांगलेच झाले.

पण गोष्ट तेथेच थांबली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात 'ई-पीक पाहणी' आली. सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे पिकांचा नमुना. त्यातली नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर छायाचित्र घेऊन करावी, असे ठरले. जे दफ्तर नुसते पाहू द्या म्हणून आपण भांडत होतो, त्यात लिहिण्याची लेखणीच आपल्या हाती आली!

खरा प्रश्न येथून सुरू होतो. दुसऱ्याच्या वहीतली चूक काढणे सोपे. आपल्या हाताने खरे लिहिणे अवघड. नुकसानभरपाईच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते. पडीक वरकसावर पीक दाखविणाऱ्याला वाटते, आपण सरकारला फसविले. प्रत्यक्षात तो वादळात कलमे मोडलेल्या शेजाऱ्याच्या घासात हात घालीत असतो. सरकारने इतकी वर्षे लपविले, मग आम्हीच का खरे बोलावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर एकच: दफ्तर आता त्यांचे राहिले नाही, आपलेही झाले. आणि स्वतःच्या घरात कुणी चोरी करतो काय?

सामाईक बागेत तर ही कसोटी अधिकच कठीण. घरी राहून कलमांना खतपाणी घालणाऱ्या भावाचे कष्ट आणि मुंबईच्या भावाचा हक्क एकाच उताऱ्याशी बांधलेले असतात. एकमेकांशी न बोलता दोघेही नुसते मोबाइलमध्ये पाहत राहिले, तर उघड्या दफ्तरातूनही संशयच उगवेल.

म्हणून सणाला भावंडे एकत्र जमतील तेव्हा पडवीत बसून तो सातबारा एकदा मोठ्याने वाचावा. ज्या म्हाताऱ्या आत्याला मोबाइल कळत नाही, तिलाही ऐकू जाईल असा. दारातली पणती रस्ता उजळते, तसा आपला उंबरठाही उजळते. तो उजेड सोसण्याची तयारी असेल, तरच सरकारकडे उजेड मागण्याला अर्थ आहे.