पन्नाशीनंतरचे मास्तर

३१ जानेवारी २०२० रोजी एमटीएनएलच्या मुंबई-दिल्लीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी नोकरीला रामराम ठोकला. स्वेच्छानिवृत्तीसाठी वयाची अट होती ५० वर्षं. त्याआधी २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून एक लाखाहून जास्त माणसं अशीच बाहेर पडली होती. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत अशी मंडळी हमखास भेटतात. हातपाय धड, डोकं तल्लख आणि साठीला अजून अवकाश. त्यांतले काही जण घरच्याच हॉलमध्ये फळा टांगून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवू लागतात. हा वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे. नव्याने शिकून घ्यावा लागतो असा हा पेशा आहे.

समोर बसणारे कोण? अंधेरीच्या सीप्झमध्ये सुपरवायझर होऊ पाहणारा कामगार, इस्पितळातली परिचारिका, घाटकोपरच्या दुकानात काउंटर सांभाळणारी बाई. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेतली मुलं पाचवीत एबीसीडीला लागायची. त्यामुळे आज पस्तिशी ओलांडलेल्या या माणसांच्या गाठीशी दहावीपर्यंतचं इंग्रजी असतं. पाटी कोरी नसते. फॉर्म भरता येतो, मेसेज कळतो. बोलायची वेळ आली की मात्र घशाला कोरड पडते. चुकलो तर हसतील, ही धास्ती व्याकरणाच्या अज्ञानापेक्षा कितीतरी जड असते.

इथे नव्या मास्तरांची जुनी नोकरी कामी येते. टेलिफोन खात्यात ज्याने वर्षानुवर्षं तक्रारी ऐकल्या, त्याला ठाऊक असतं की फोनवर चेहरा दिसत नाही आणि हातवारे उपयोगाचे नसतात. तो दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडतो. एकाने तक्रार सांगायची, दुसऱ्याने लिहून घ्यायची. ‘डबल फोर’ ऐकून समोरचा एकच चार लिहितो, नंबरात एक आकडा कमी भरतो, आणि मग ‘वन्स अगेन प्लीज’ म्हणावंच लागतं. ती विनंती करायची लाज एकदा मोडली की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. बँकेतून आलेल्या मास्तरांनी हेच केवायसीच्या अर्जावर करावं. प्रौढ माणूस उद्या सकाळी कामाला येईल तेच आज रात्री शिकायला तयार असतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी प्रौढशिक्षणाची जी मांडणी केली, तिचा हा गाभाच आहे.

पण स्वतःला इंग्रजी येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं. वर्ग हाती आला की माणूस आपण जसे शिकलो तसंच शिकवू लागतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचायला शिकवलं, तिचं ऋण मोठंच आहे. तरीही मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा, या वाटेने जाणारा विद्यार्थी मनात भाषांतर पुरं होईपर्यंत गप्प राहतो, आणि तोवर समोरचं गिऱ्हाईक निघून जातं. दुसरा धोका साहेबीचा. ज्याने केबिनमधून हुकूम सोडले, त्याला विद्यार्थ्याचं वाक्य मध्येच न तोडता ऐकून घेणं जड जातं. ही सवय मोडायला कुणीतरी मागच्या बाकावर बसून वर्ग पाहावा लागतो आणि नंतर स्पष्ट बोलावं लागतं.

तशी सोय आपल्याकडे जवळजवळ नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, पण ते शाळेतल्या मुलांसाठी. प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा हा साधारण १२० तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि ते तपासलं जातं. त्याची फी मात्र निवृत्तीच्या पुंजीतून काढणं सोपं नाही.

प्रौढांच्या वर्गांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईत सरकारी नोकरी सोडून निकिता केतकर यांनी २००८ मध्ये ‘मासूम’ ही संस्था सुरू केली, तीही रात्रशाळांसाठीच. उपनगरांत महापालिकेच्या शाळांचे कितीतरी वर्ग संध्याकाळनंतर रिकामे असतात. त्यांतल्या काही वर्गांत आधी या पन्नाशीतल्या मास्तरांचं महिनाभर प्रशिक्षण घ्यावं आणि पुढे त्याच बाकांवर त्यांचे विद्यार्थी बसवावेत. वर्ग रात्री साडेआठला सुरू करावा लागेल. त्याआधी चर्चगेटहून सुटलेली माणसं बोरिवलीला पोचत नाहीत.